आमच्या कह्यात नाही

सांगली-साताऱ्याकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर, जमीन खरेदीच्या नोटिसा आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या निवेदनांच्या शेजारी, अधूनमधून चार-सहा ओळींचा एक चौकोन दिसतो. आमचा मुलगा आमच्या कह्यात राहिलेला नाही, त्याच्याशी कोणी देण्याघेण्याचा व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही, असा त्याचा ठरलेला मजकूर. खाली वकिलाचे नाव. वाचणारा तो ओलांडून पुढे जातो. आडनाव ओळखीचे निघाले तरच थांबतो. पण हा चौकोन छापून येण्याआधी त्या घरात काय होऊन गेले असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. दोन-तीनदा फेडलेली उधारी, मोडलेला एखादा दागिना, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, देवापुढे घ्यायला लावलेल्या शपथा आणि नातेवाइकांचे टोमणे. ‘कह्यात’ हा शब्द त्यात मोठा बोलका आहे. पंचवीस वर्षांचा माणूस कायद्याने कोणाच्याच कह्यात नसतो. नोटीस देणारा बाप जे आज घडले म्हणून सांगतो, ते खरे तर मुलगा अठरा वर्षांचा झाला त्या दिवशीच घडलेले असते. मग कह्यात नसलेला, आणि नशेच्या किंवा टोळक्याच्या ओढीने नको त्या जागी जाऊन उभा राहिलेला मोठा मुलगा असेल, तर आईबापांनी करायचे काय?

आपल्याकडे याची दोन उत्तरे तयार असतात. एक, ‘पोटचा गोळा आहे, पदरात घ्या’. दुसरे, ‘मेला असे समजा आणि मोकळे व्हा’. ही दोन्ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिसत असली तरी एकाच गैरसमजातून निघतात, असे माझे म्हणणे आहे. मुलाच्या आयुष्याचा लगाम आपल्या हातात आहे, तो आवळला किंवा सोडला की मुलगा वळेल, हा तो गैरसमज. आईबापांच्या हातात मुलगा नसतो. त्यांच्या हातात त्यांचे घर, त्यांचा पैसा, त्यांचे शब्द आणि त्यांचे खोटे बोलणे एवढेच असते. या चार गोष्टींचे काय करायचे, यावर जो काही अभ्यास झाला आहे तो एकाच दिशेला बोट दाखवतो. पैसा आणि पांघरूण काढून घ्यावे. बोलणे आणि ताट काढून घेऊ नये. ऐकायला सोपे वाटते, पण बहुतेक घरांत नेमके याच्या उलट चाललेले असते. बोलणे बंद असते आणि उधारी गुपचूप फेडली जात असते.

आधी आजूबाजूचे चित्र पाहू, कारण ‘धोक्याची जागा’ म्हणजे कुठे, याबद्दलच्या आपल्या कल्पना जुन्या झाल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचे, म्हणजे एमडीचे, मोठे जाळे उघडकीस आणले. त्याचा कारखाना दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत निघाला आणि साठ्याचा एक मोठा भाग सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये, शंभर किलोहून अधिक. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात छापा घातला. त्या प्रकरणातल्या मालाची किंमत सुमारे 250 कोटी सांगितली गेली. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत सुमारे 30 कोटींचा साठा सापडला. ही नावे पुन्हा वाचावीत. यात एकही महानगर नाही. इरळी तर दुष्काळी पट्ट्यातले गाव. अफूला शेत लागते, गांजाला निदान बांध लागतो; एमडीला लागते एक बंद शेड, काही रसायने आणि प्रक्रिया माहीत असलेला एखादा माणूस. त्यामुळे ‘शहराची हवा लागली, गावाकडे आणा, शेतात राबवा म्हणजे ताळ्यावर येईल’ हा आपल्याकडचा पिढीजात सल्ला पायाखालची जमीन गमावून बसला आहे. हवा गावातच आहे. त्यात तालमीची जागा घेतलेल्या व्यायामशाळांतून मेफेंटरमाइनसारखी इंजेक्शने फिरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्याचे हे औषध. पोरे ते दम वाढावा म्हणून टोचून घेतात आणि पुढे त्याशिवाय चालेनासे होते. खानापूर-आटपाडीची हजारो घरे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. तिथला कोवळा मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी परमुलखात रोख पैसा हाताळू लागतो. धोका कुठून येतो हे शोधत बसण्यात म्हणूनच फारसा अर्थ उरलेला नाही. तो घराच्या अंतरावर आला आहे, एवढे धरून चालावे.

पहिला मार्ग सांभाळून घेण्याचा. त्याचे सर्वांत खर्चिक रूप म्हणजे मुलाचे देणे फेडणे. एमडी घेणारा मुलगा आधी मोबाइल गहाण टाकतो, मग मित्रांकडून हातउसने घेतो, मग खासगी सावकाराकडे जातो, आणि एके दिवशी दोन-तीन माणसे घराच्या पायरीवर येऊन बसतात. बाप घाबरतो तो कायद्याला नाही, गल्लीला. खरे तर कायदा इथे बापाच्या बाजूचा आहे. सज्ञान मुलाने स्वतः घेतलेल्या कर्जाला बाप जामीन राहिला नसेल, तर ते कर्ज बापाचे नसते. गंमत अशी की जुन्या हिंदू धर्मशास्त्राने बापाचे ऋण मुलाच्या डोक्यावर ठेवले होते, मुलाचे ऋण बापाच्या डोक्यावर कधीच नाही. आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने ते पहिले बंधनही काढून टाकले. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा केला आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. तरीही घरे पैसे देतात, कारण पायरीवर बसलेली माणसे उठावीत एवढेच त्या घटकेला हवे असते. प्रत्येक फेड मुलाला एक गोष्ट शिकवते, की खड्डा कितीही खोल खणला तरी वरून माती टाकणारे आहेत. आणि सावकाराला शिकवते, की हे घर पैसे देते. दुसरी शिकवण पहिलीपेक्षा घातक.

सांभाळून घेण्याची आणखी दोन रूपे आपल्याकडे सर्रास चालतात आणि त्यांच्याविषयी पुरेसे कठोर बोलले जात नाही. एक, लग्न. ‘अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल’ या वाक्यावर किती मुली उजवल्या गेल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आईबापांना जे पेलले नाही ते एका अनोळखी, वयाने लहान मुलीच्या खांद्यावर, तिला न सांगता टाकण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याला फसवणूक हाच शब्द योग्य. दुसरे, जेवणातून दिले जाणारे ‘दारू सोडवायचे औषध’. डायसल्फिरम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की त्याला घाम, उलट्या, धडधड सुरू होते. रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. हे माहीत असलेल्या आणि स्वतःहून तयार झालेल्या रुग्णालाच डॉक्टर ते देतात. आमटीत कालवून दिले तर ते औषध राहत नाही. शिवाय एमडीसारख्या उत्तेजक द्रव्यांचे व्यसन सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी किंवा इंजेक्शन आजघडीला नाहीच. तसे सांगून पैसे घेणारा कोणीही भेटला तर तिथून उठावे.

दुसरा मार्ग तोडण्याचा, म्हणजे त्या चौकोनाचा. नोटिशीचे कायदेशीर वजन लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे. जे देणे बापावर नव्हतेच ते नोटिशीने नाकारण्याची गरज नसते, आणि वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा जन्मसिद्ध हक्क वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी जात नाही. स्वकष्टार्जित मिळकत कोणाला द्यायची हे ठरवायला मृत्युपत्र लागते, जाहिरात नव्हे. मग नोटीस करते काय? ती गावाला सांगते की आम्ही चांगली माणसे आहोत. तिचा वाचक मुलगा नसतो, शेजारी असतो. ही गरज मी हसण्यावारी नेत नाही. धाकट्या बहिणीचे लग्न जमवायचे असते, दुकान चालवायचे असते. पण एवढेच म्हणतो की तो उपाय घराच्या अब्रूवरचा आहे, मुलावरचा नाही. आणि तो केला की मुलगा सुधारेल अशी आशा त्यावर लादू नये.

या प्रकारातले सगळ्यांत मोठे उदाहरण देशाला ठाऊक आहे. जून 1925 मध्ये महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त आपला थोरला मुलगा हरिलाल याच्या व्यवहारांची जबाबदारी जाहीरपणे नाकारली. निमित्त होते ऑल इंडिया स्टोअर्स या कंपनीचे. हरिलाल तिचा संचालक, त्याच्या आडनावावर विसंबून एकाचे पैसे अडकले, आणि त्या गुंतवणूकदारातर्फे लायलपूरच्या वकिलाचे पत्र आले. गांधींनी उत्तर दिले त्याचा गाभा आपल्या जाहीर नोटिशीचाच होता: मुलगा मोठा आहे, स्वतंत्र आहे, त्याचे व्यवहार त्याचे. गुंतवणूकदारांशी ते प्रामाणिक होते, यात शंका नाही. मुलाच्या बाबतीत मात्र काही बदलले नाही. फेब्रुवारी 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा हरिलाल भेटायला आले, आणि त्यातल्या एका भेटीत ते प्यायलेले होते अशी नोंद आहे. जून 1948 मध्ये, वडिलांच्या हत्येनंतर जेमतेम साडेचार महिन्यांनी, ते मुंबईच्या एका रुग्णालयात क्षयाने गेले. अजित दळवींचे ‘गांधी विरुद्ध गांधी’ रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षक दोन तट पाडून भांडत बाहेर पडावेत इतकी ही गोष्ट उघडी आहे. बापाच्या तत्त्वांनी मुलगा सुधारला नाही, आईच्या मायेनेही नाही. म्हणजे, ज्या पद्धतीने मुलगा हमखास सुधारेल अशी पद्धत सांगा, ही मागणीच मागे घ्यावी लागते. विचारायचे ते एवढेच की कोणत्या वागण्याने त्याची उपचाराच्या दारापर्यंत येण्याची शक्यता वाढते, आणि कोणत्या वागण्याने बाकीचे घर उभे राहते.

या नेमक्या प्रश्नावर अमेरिकेत, न्यू मेक्सिको विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 130 नातेवाईक होते, आणि उपचाराला ठाम नकार देणारे त्यांच्या घरातले पिणारे. नातेवाइकांचे तीन गट केले. एका गटाला ‘तुमच्या हातात काही नाही, त्याला सोडून द्या, स्वतःला सावरा’ या धर्तीचे मार्गदर्शन मिळाले. दुसऱ्या गटाला सगळ्या घरादाराने मिळून पिणाऱ्याला समोर बसवायचे आणि त्याच्या वागण्याचा हिशेब त्याच्यापुढे मांडायचा, अशी तयारी करून दिली. तिसऱ्या गटाला शिकवले ते फार साध्या गोष्टी: तो शुद्धीत असतो तेव्हा त्याच्याशी कसे बोलावे, नशेत असतो तेव्हा कसे बाजूला व्हावे, त्याच्या नशेचे परिणाम त्याला कसे भोगू द्यावे, मारहाणीची चिन्हे कशी ओळखावी, आणि उपचाराचा विषय नेमका कोणत्या घटकेला काढावा. पहिल्या गटातले 13 टक्के पिणारे उपचाराला आले, दुसऱ्यातले 30 आणि तिसऱ्यातले 64. दुसऱ्या गटाचा आकडा का पडला याचे कारण मला आकड्याहून महत्त्वाचे वाटते. बहुतेक घरांना ती समोरासमोरची बैठक घेणे जमलेच नाही. ऐनवेळी त्यांनी माघार घेतली. माणसांना जे करवत नाही असा सल्ला कितीही तर्कशुद्ध असला तरी सल्ला म्हणून वाया जातो. 2002 मध्ये अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या नातेवाइकांवर तसाच अभ्यास झाला. तिथे या शिकवणुकीने सुमारे 59 टक्के, आणि पुढे गटात भेटत राहिलेल्यांच्या बाबतीत 77 टक्क्यांपर्यंत लोक उपचाराला आले, उलट ‘सोडून द्या’ गटात 29. हे अभ्यास लहान आहेत, परदेशातले आहेत, आणि उपचाराला येणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे सगळे मान्य. तरी एक गोष्ट त्यांतून ठळक होते. घरातला पिणारा उपचाराला येवो न येवो, 1999 च्या अभ्यासातल्या तिन्ही गटांतल्या नातेवाइकांची स्वतःची तब्येत, झोप, राग यांत सुधारणा झाली. मदत मागायला आलेल्या माणसाला मदत केली की त्याला बरे वाटते. हे सांगायला अभ्यास लागावा, यातच आपले काय चुकत होते ते आले.

महाराष्ट्रात हे शहाणपण परदेशी निबंधांतून आलेले नाही. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. ‘गर्द’ या नशेवरच्या अवचटांच्या लेखमालेने हादरलेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी लाखाची देणगी दिली होती. तिथे पहिल्यापासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बसवले जाते. पत्नींचे वेगळे गट चालतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1991 मध्ये परिवर्तन हे केंद्र काढले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात फिरताना बाबा-बुवांच्या दारात बसलेल्या रांगेत व्यसनी मुलांच्या आया किती असतात हे त्यांच्याइतके कोणी जवळून पाहिले असेल? हे दोन्ही दरवाजे सांगलीपासून एसटीच्या टप्प्यात आहेत. सांगली-मिरज तर दवाखान्यांचेच गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उभारल्यापासून कर्नाटकातून रुग्ण मिरजेला येतात, 1962 पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हाड मोडले तर शेजारचा जिल्हा इथे धावतो. पण इथल्या घरातला मुलगा नशेत अडकला तर त्याला कोणी पाहू नये म्हणून दोनशे किलोमीटर लांबचे केंद्र शोधतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच, आणि इतर बेकायदा नशा करणाऱ्या अवलंबितांपैकी 20 जणांतल्या एकालाच कोणती ना कोणती मदत मिळाल्याचे दिसले. बाकीचे कुठे गेले? बरेचसे देवर्षाकडे, लग्नाकडे आणि नोटिशीकडे.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत जोरदार: ताट वाढत राहिले तर मुलगा तळाला लागणार कधी, आणि तळाला लागल्याशिवाय वर येणार कसा? तळाची ही कल्पना लोकप्रिय आहे, पण तळ कुठे आहे हे आधी कोणी सांगू शकत नाही. कुणाचा तळ नोकरी जाणे असतो, कुणाचा तुरुंग, कुणाचा मृत्यू. एमडीच्या बाबतीत तर कायद्याचा तळ फार जवळ आहे. फेब्रुवारी 2015 पासून हे द्रव्य अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे. 2 ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प मानले जाते, आणि 50 ग्रॅमपासून पुढे व्यापारी. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि जामीन जवळजवळ अशक्य. रोजच्या मालाचे पैसे नाहीत म्हणून ‘एवढी पिशवी तिथे पोचव’ ऐकणारा मुलगा एका फेरीत ही सीमा ओलांडतो. त्याने तळ गाठावा म्हणून वाट पाहणारा बाप प्रत्यक्षात या फेरीची वाट पाहत असतो. शिवाय ताट वाढणे म्हणजे पैसा देणे नव्हे, खोटे बोलणेही नव्हे. कपाटात सापडलेली पुडी बापाने दुसरीकडे दडवली, तर ती ज्याच्या ताब्यात मिळेल त्याच्याकडे कायदा खुलासा मागतो. पांघरूण घालणाऱ्याला त्याच पांघरुणात गुंडाळायची सोय कायद्यात आहे.

दुसरा आक्षेप घरातल्या हिंसेचा आहे, आणि त्यापुढे माझी भूमिका मागे घ्यावी लागत नसली तरी तिची मर्यादा सांगावी लागते. ज्या घरात मुलगा आईवर हात उचलतो, बहिणीचा गळा धरतो, तिथे ताट-बोलण्याच्या गोष्टी नंतर. आधी माणसे सुरक्षित. यासाठी कायद्याने बरेच काही दिले आहे, फक्त ते नोटिशीच्या चौकोनात बसत नाही. स्वकष्टार्जित घरात सज्ञान मुलाला राहण्याचा हक्क नसतो, तो आईबापांच्या मर्जीवर राहतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केले. साठी ओलांडलेल्या आईबापांना 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात जाता येते. संरक्षणासाठी गरजेचे असेल तर घर रिकामे करून देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मान्य केले. आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सुनांपुरताच आहे ही समजूत चुकीची. मारणाऱ्या मुलाविरुद्ध आईलाही तो वापरता येतो. मुलाला बाहेर काढणे आणि मुलाला तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘या घरात तुला राहता येणार नाही, उपचाराला जाणार असशील त्या दिवशी मी बरोबर येईन’ ही दोन वाक्ये एकाच तोंडातून एका दमात बोलता येतात. दुसरे वाक्य गाळले की पहिले नुसती हकालपट्टी ठरते.

तिसरा आक्षेप संगतीचा. पोरगं चांगलं होतं, संगतीने नासलं. तेव्हा संगत तोडा, त्याला लांब पाठवा. याला पुरावा नाही असे नाही. व्हिएतनाममधून 1971 मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी मागोवा घेतला तेव्हा तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी फार थोडे, पहिल्या वर्षात सुमारे 5 टक्के, घरी आल्यावर पुन्हा त्याच्या आहारी गेले. जागा बदलली, व्यसन सुटले. पण ते सैनिक परत आले ते घराकडे, कामाकडे, आधीपासून वाट पाहणाऱ्या आयुष्याकडे. आपण मुलाला मामाकडे किंवा एखाद्या कारखान्यात पाठवतो ते त्याच्या आयुष्यातून उचलून, दुसरे काही हातात न देता. नव्या गावात त्याला पहिला आपलेपणा दाखवणारा माणूस टपरीवरचाच असतो. संगत ही काही मुलावर पडलेली धाड नसते. तिथे त्याला नाव असते, ‘भाऊ’ म्हणणारे असतात, वाढदिवसाला बॅनर लागतो. घरात त्याच सुमारास त्याला जी विशेषणे मिळत असतात ती आठवली की तो कोणत्या बाजूला ओढला जाईल हे कोडे राहत नाही. म्हणून बोलणे बंद करणे हा मला सगळ्यांत महागात पडणारा उपाय वाटतो.

हा मुद्दा मुलींच्या बाबतीत तर जीवावरचा होतो. मुलीची धोक्याची जागा बहुधा एखादा माणूस असतो, आणि तिने तो निवडला की ‘आम्हाला ती मेली’ म्हणणारी, जिवंतपणी पिंडदान करणारी घरे आपल्याकडे आहेत. वसईच्या ज्या तरुणीचा मे 2022 मध्ये दिल्लीत तिच्या जोडीदाराने खून केला, तिने नोव्हेंबर 2020 मध्येच पालघर जिल्ह्यात पोलिसांकडे मारहाणीची आणि जिवाच्या भीतीची लेखी तक्रार दिली होती. नात्यावरून घराशी दुरावा आलेला होता. तिचा फोन लागत नाही हे घरापर्यंत पोचले ते तिच्या मित्राकडून, खुनाला काही महिने उलटल्यावर. खुनाचा दोष खुन्याचाच. त्यात बापाला ओढणे अन्याय होईल. पण मधल्या त्या महिन्यांबद्दल विचार करायला हवा. आठवड्याला एक फोन, ज्यात त्या माणसाबद्दल एक अक्षरही बोलायचे नाही, एवढे ठेवलेले असते तर निदान शांतता लवकर ऐकू आली असती. मारणाऱ्याला नेमके हेच हवे असते की तिच्यामागे कोणी नसावे, आणि ‘मेली’ म्हणणारे घर ते काम त्याच्यासाठी फुकट करून देते.

जबरदस्तीने दाखल करण्याविषयी थोडक्यात. ‘केंद्रात टाकले’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे आणि रात्री गाडी पाठवून मुलगा उचलून नेणारी केंद्रेही आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेमुळे आलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे, त्यामुळे अशी केंद्रे नोंदणीकृत असलीच पाहिजेत आणि सज्ञान माणसाला त्याच्या संमतीविना ठेवायचे तर जिवाला धोका, इतरांना धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता यांपैकी काही असल्याचे मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासून ठरवावे लागते. तेही तीस दिवसांपर्यंत. साखळीने बांधणे हा गुन्हाच. या तपासणीचा आणखी एक उपयोग आहे. विशीतला मुलगा एकलकोंडा होतो, संशय घेतो, रात्रभर जागतो. यात नशा किती आणि मनाचा आजार किती हे घरच्यांना कळणे शक्य नाही, आणि कित्येकदा दोन्ही असतात. अमली पदार्थ कायद्यातले 64 अ हे कलमही पालकांना माहीत असावे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ते जाऊही शकते. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घरांना हे कोणी सांगत नाही.

राहता राहिला संस्कारांचा प्रश्न. ‘संस्कार कमी पडले’ हे वाक्य आईबापांना दोनदा मारते. आधी गाव म्हणते, मग रात्री ते स्वतःच म्हणतात. त्याच घरातले, त्याच संस्कारातले दुसरे मूल बँकेत नोकरी करत असते, हा साधा पुरावा कोणी विचारात घेत नाही. आईबापांच्या चुका होतात, काही गंभीरही असतात. पण अपराधी वाटणाऱ्या बापाकडून पैसे काढणे सोपे असते, हे मुलाला बापापेक्षा आधी कळते. त्या भावनेतून बाहेर येण्यासाठी बापाला आणि आईला स्वतःचा माणूस लागतो, जो त्यांच्या बाजूने बोलणार नाही आणि विरुद्धही नाही. गरीब घरांना हे कुठून परवडणार, असा आक्षेप येईल. पैसा देणे थांबवायला पैसा लागत नाही. आणि सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या केसपेपरचा खर्च जाहीर नोटिशीपेक्षा नक्कीच कमी आहे.

ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठी 14446 हा वेगळा राष्ट्रीय क्रमांक आहे. मुलगा तयार नसला तरी आईने किंवा वडिलांनी स्वतःसाठी हा फोन केलेला चालतो.